खोगिराची हळद

नामदेवराव हंबर्डे यांनी दसऱ्याला दिलेला शब्द घरात कोणी विसरलं नव्हतं. "दोन्ही खोगिरांना हळद लावू. जे टिकंल ते देवाला जाईल. आन् ज्याचं टिकंल, त्याचा माळा." त्यानंतर या विषयावर जेवताना कोणी चकार शब्द काढला नाही, याचा अर्थ सगळे त्याचाच विचार करत होते.

चंपाषष्ठी आता तोंडावर आली होती. बिलोलीकडच्या मूळ गावी खंडोबाच्या घोड्यावर चढणारं खोगीर हैदराबादेतल्या गौलीगुड्याच्या हंबर्डे दुकानातून जायचं, हा नामदेवरावांच्या आजोबांपासूनचा रिवाज. देवाच्या घोड्यावर कोणी बसत नाही. खोगीर रिकामंच मिरवतं, आणि म्हणून सगळ्या गावाची नजर त्याच्यावर असते. जुनं खोगीर दुकानाचे पूर्वीचे कारागीर इस्माईल उस्ताद यांच्या हातचं होतं. नामदेवरावांची मुलं लहान असल्यापासून ते देवाकडे होतं. गेल्या यात्रेत त्याची लाकडी बैठक तडकली आणि नवं लागणार हे ठरलं. धाकट्या मुलानं, कुलदीपनं, उत्तरेतल्या एका कारखान्यातून मागवलं. त्याच्या थोरल्या बहिणीनं, त्रिवेणीनं, स्वतः केलं.

नल्लकुंट्याच्या घराच्या गच्चीवर सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर ती दोन्ही खोगिरं सकाळी मांडून ठेवली होती. कुलदीप चहाचा कप घेऊन त्यांच्याभोवती फिरत होता. त्याच्या खोगिराचा गडद तपकिरी रंग आरशासारखा चमकत होता. दोन्ही पल्ल्यांवर, म्हणजे बाजूंना लोंबणाऱ्या चामड्यांवर, यंत्रानं दाबलेली फुलं, एकासारखं एक, एका ओळीत. त्रिवेणीचं खोगीर तरवडाच्या सालीत कमावलेल्या चामड्याचं, भाकरीच्या रंगाचं. त्यावर डाळिंबाचा वेल होता, सुरीनं कापून आणि ठशांनी ठोकून उठवलेला. चांगला होता. कुलदीपला तो चांगला दिसत होता आणि त्यामुळे त्याला चिडल्यासारखं होत होतं.

दुकान गेली वीस वर्षं तो चालवत होता. बैलांच्या म्होरक्या आणि टांग्यांचे साज विकणारं दुकान त्यानं शाळेच्या दप्तरांवर आणि बेल्टांवर आणलं होतं, म्हणून ते उघडं होतं. वरच्या माळ्यावर त्याला ऑनलाइन ऑर्डरी बांधायला जागा हवी होती. माळ्यावर अजून उस्तादांची शिळा होती, ठसे ठोकायच्या लाकडी मोगऱ्या होत्या, गंजलेले ठसे होते.

"ताई, एक बोलू? राग धरू नको," तो म्हणाला. "काम झकास झालंय. दुकानात काचेत ठेवू. पण देवाचं खोगीर म्हणजे ऊन, धूळ, हळद. हे लई नाजूक आहे."

"नाजूक हाय का नाही, ते हळद सांगंल," त्रिवेणी म्हणाली.

"तेच म्हणतोय मी बी."

त्रिवेणीला हसू आलं नाही. विद्यानगरच्या शाळेतली नोकरी तिनं जूनमध्ये सोडली होती. भाड्याच्या दोन खोल्यांत मोगरीचा आवाज चालत नव्हता. घरमालकानं तंबी दिली होती. चामडं कोरायला दगडी शिळा लागते, आणि शिळा माळ्यावर होती. माळा गेला तर वर्षभर शिकलेलं ठेवायला जागा उरत नव्हती.

नामदेवरावांच्या पत्नी चतुराबाई पितळी परात घेऊन वर आल्या. परातीत हळदीचं दाट पाणी. घरातल्या वडील बाईनं तांब्यानं ते खोगिरावर ओतायचं, तळहातानं चोळायचं, फडकं लावायचं नाही. मग घरातल्या कर्त्या पुरुषानं पल्ल्यावर दुकानाची पितळी मोहोर ठोकायची. खोगीर सावलीत वाळलं की गावाकडे निघायचं. रीत एवढीच.

"आधी कोणाचं?" चतुराबाईंनी विचारलं.

"धाकट्याचं," नामदेवराव खुर्चीवरून म्हणाले.

पहिला तांब्या कुलदीपच्या खोगिरावर पडला. पाणी थेंबाथेंबानं फुलांवरून घरंगळलं आणि खाली फरशीवर पिवळं तळं झालं. चतुराबाईंनी चोळलं. पुन्हा ओतलं. पुन्हा घरंगळलं. फुलं जशीच्या तशी.

"बगा," कुलदीप म्हणाला. "एक फूल हललं नाही."

"हळद बी चढली नाही," चतुराबाई म्हणाल्या.

"माय, टिकलं म्हणजे टिकलं."

मग त्या त्रिवेणीच्या खोगिराकडे वळल्या. इथे पाणी घरंगळलं नाही. चामड्यानं ते पिऊन टाकलं. दुसरा तांब्या, तिसरा तांब्या, तेही. भाकरीचा रंग आधी गुळासारखा झाला, मग काळपट. चामडं फुगलं. डाळिंबाच्या कडा बसल्या, पानांच्या शिरा बुजल्या, वेल कुठून कुठे जातो ते कळेना. पाहता पाहता सगळा पल्ला एकसारखा मळकट झाला.

 कुलदीपची बायको भाग्यलक्ष्मी जिन्याच्या दाराशी उभी होती. तिनं तोंडावर पदर धरला.

"ताई," कुलदीप म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरीच हळहळ होती. "सांगितलं होतं तुला."

नामदेवराव उठले. त्यांनी खिशातून मोहोर काढली. "झालं ते झालं. पोरीनं मेहनत केली. कुलदीपच्या खोगिरावर मोहोर मारतो आन् विषय संपवतो."

"आबा, थांबा."

"काय थांबू?"

"ते भिजलंय. गेलं नाही," त्रिवेणी म्हणाली. "रंग परत येऊ द्या."

"हळद लावली की लगेच मोहोर. माझा बाप तसंच करायचा."

"माहीत हाय मला. तरी थांबा."

नामदेवरावांना कोणी थांबा म्हणायचं नाही. बँकेचा मॅनेजरसुद्धा "जरा बसता का" असं म्हणायचा. ते मोहोर हातात धरून मुलीकडे बघत राहिले. मुलगीही बघत राहिली. तिचे डोळे कोरडे होते, हे त्यांच्या लक्षात आलं.

त्या क्षणी भाग्यलक्ष्मी बोलली. ती नवऱ्याच्या बाजूची, असं सगळं घर धरून चालायचं, तीही.

"मामंजी, स्वैपाक गार होतोय. गाडी तर दुपारनंतर निघणार. जेवून मोहोर मारली तर देव काय रुसतो?"

कुलदीपनं तिच्याकडे पाहिलं. तिनं पाहिलं नाही.

"जेवू," नामदेवराव म्हणाले.

स्वयंपाकघरात भाग्यलक्ष्मीनं भाकरीचा गोळा थापायला घेतला आणि दार पायानं लोटलं.

"वन्सं, खरं सांगा. गेलं ना ते?"

"नाही."

"मग दिसंना का झालं?"

"पाणी पिऊन चामडं फुगतं. नीट कापलं असंल तर वाळताना जागेवर येतं. नुसतं दाबलं असंल तर येत नाही." त्रिवेणी कांदा फोडत होती. "माझी पहिली दहा-बारा पानं अशीच गेली. ओल्यात ठोकली. रात्री बघितलं तर झक्क, सकाळी उठून बघितलं तर पाटी कोरी."

"मग कसं शिकलात? त्या उस्तादनं शिकवलं?"

"तो काय शिकवणार! तीनदा गेले. दारातच उभं करायचा. हातात घेऊन बघायचा आन् म्हणायचा, 'फिर से.' चहा बी नाही." तिला आता हसू आलं. "शिकवलं त्याच्या खोगिरानं. घरी आणून ठेवलं होतं ना. पहिल्यांदा नुसता वेल छापून घेतला, तसाच उतरवला. पानाला पान, काट्याला काटा. ते उलटं पान सुदिक."

भाग्यलक्ष्मीचा हात थांबला. उलट्या पानाची गोष्ट या घरात सुनेलाही माहीत होती. जुन्या खोगिराच्या डाव्या पल्ल्यावर, रिकिबीच्या वर, सगळी पानं एकीकडे वळलेली आणि एकच पान दुसरीकडे. नामदेवरावांनी ती चूक गिऱ्हाइकांसमोर दाखवली होती. उस्ताद माळ्यावरून उतरले, चप्पल घातली आणि त्यानंतर हंबर्ड्यांच्या दुकानाची पायरी चढले नाहीत.

"चूक बी उतरवली तुम्ही?"

"तेव्हा चूकच वाटली. मग बैठक तडकली म्हणून मी अस्तर उसवलं. खालून बोट फिरवलं तर तिथं चामडं कडक. बैलाला काटा लागल्याची जुनी जखम, लांबच्या लांब. त्या जागी ठसा बसत नाही, भाग्या. कितीबी ठोका. म्हणून त्यानं पानाची मधली शीर त्या जखमेवर आडवी टाकली. पान उलटं झालं, पण जखम शीर होऊन गेली. वरून कुणाला कळलं? आबांना बी नाही." तिनं सुरी खाली ठेवली. "त्या दिवशी मी माझी सगळी पानं फेकली. त्याचा वेल त्याच्या बैलाचा होता. माझ्या चामड्यावर वेगळ्या खुणा आहेत. आधी त्या बघायच्या, मग वेल कुठून न्यायचा ते ठरवायचं."

बाहेर ऑटो थांबली. ऑटोवाल्याशी कोणीतरी मोठ्यानं हुज्जत घालत होतं.

"कोण आलं?" भाग्यलक्ष्मीनं खिडकीतून पाहिलं. काळी शेरवानी, मेंदी लावलेली दाढी, हातात चांदीच्या मुठीची काठी. "वन्सं! तुम्ही बोलावलं?"

"मी नाही."

चतुराबाई देवघरातून बाहेर आल्या. "मी बोलावलं," त्या म्हणाल्या. "आन् आणखी एक भाकरी टाक."

नामदेवरावांनी दारात इस्माईल उस्तादांना पाहिलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा वाटलं, हा माणूस माझ्यापेक्षा तरुण कसा दिसतो. मग वाटलं, बायकोनं घात केला.

"आदाब, पटेल." उस्ताद पूर्वीपासून त्यांना पटेलच म्हणायचे. "अंदर आने को बोलते, या अब भी गिऱ्हाइकांके सामने खडा करते?"

"या, बसा."

"बैठूँगा. तुमारे वास्ते नक्को, भाभी के वास्ते." उस्ताद सोफ्यावर बसले, शेरवानीच्या घड्या सारख्या केल्या. "सुना हूँ, मेरा ज़ीन बुड्ढा हो गया. मेरे से पहले. अच्छी बात नहीं है."

कुलदीपनं पाणी आणून दिलं. लहानपणी तो याच माणसाच्या मांडीवर बसून चामड्याच्या कापांशी खेळला होता. उस्तादांनी त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "कुलदीप बाबा. पेट निकल गया तुमारा."

"दुकानात बसून बसून, उस्ताद."

"हौ. बैठने से चमडा भी ढीला होता."

जेवणं झाली. उस्ताद वांग्याच्या भाजीवर खूश होते आणि तसं त्यांनी तीनदा सांगितलं. त्रिवेणीशी ते एक शब्द बोलले नाहीत. हात धुतल्यावर म्हणाले, "मेरा लाओ. पहले मेरा दिखाओ."

जुनं खोगीर गच्चीवर नेलं. उस्तादांनी चष्मा लावला आणि बराच वेळ स्वतःचंच काम बघत राहिले, एखादा गवई आपलीच जुनी तान ऐकत बसावा तसे. "क्या हाथ था," ते म्हणाले. "माशाअल्ला. क्या हाथ था मेरा."

इतक्या वर्षांच्या हळदीनं वेलाची जमीन, म्हणजे पानांमागचा खोल दाबलेला भाग, जर्द पिवळा झाला होता. वर उठलेली पानं मधासारखी तपकिरी. एकेक शीर जागेवर होती.

"पटेल, इधर आओ. तुमारी मुहर किधर है?"

नामदेवराव वाकले. उजव्या पल्ल्याच्या कोपऱ्यात त्यांनी स्वतः, यात्रेच्या आदल्या दिवशी, दुकानाची मोहोर ठोकली होती. तिथं आता चामडं गुळगुळीत होतं. बोटानं चाचपलं तर एक पुसट गोल लागला. अक्षर नव्हतं.

"पत्ते तो सब हाज़िर हैं," उस्ताद म्हणाले. "दुकान ग़ायब."

"झिजली असंल."

"घिसी नहीं. फूल के निकल गई. तुम बाप-बेटे हमेशा गीले पे मारते थे, फटाक्. मैं ऊपर से देखता था. बोला नहीं. तुम पूछे नहीं."

नामदेवरावांनी मान वर केली नाही. चाळीस वर्षांत त्यांनी किती साजांवर, किती पट्ट्यांवर ती मोहोर ठोकली असेल. माल दुकानातून गेला की गेला. तो परत बघायची वेळ कधी आली नव्हती. म्हणजे हैदराबादेपासून नांदेडपर्यंत हंबर्ड्यांचं नाव जिथं जिथं गेलं, तिथं तिथं ते दोन पावसाळ्यांत पुसलं गेलं होतं. त्यांनी बोट त्या गुळगुळीत जागेवरून उचललं आणि डाव्या पल्ल्याकडे नेलं. उलट्या पानावर.

"आन् हे?" त्यांनी हळू विचारलं.

"वो तुमारी बेटी से पूछो."

त्रिवेणीनं पल्ला उलटा केला आणि वडिलांचं बोट धरून खालच्या बाजूच्या कडक रेघेवर ठेवलं.  नामदेवरावांनी ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. मग पल्ला सरळ करून तेच बोट पानाच्या शिरेवरून फिरवलं. परत खालून. परत वरून.

"बस् करो, पटेल," उस्ताद म्हणाले. "घिस जाएगा."

चतुराबाई एकट्याच मोठ्यानं हसल्या.

"माय, ताईचं बघा!" कुलदीप पलीकडून ओरडला.

ऊन भिंतीवरून उतरलं होतं आणि डिसेंबरच्या कोरड्या हवेत चामडं वाळू लागलं होतं. काळपटपणा कडेकडेनं मागे सरत होता. आधी एका डाळिंबाची कड दिसली. मग त्याच्या शेजारची दोन पानं. हळद जिथं जिथं काप होता तिथं उतरून बसली होती आणि जमीन पिवळी होत होती. पानं तिच्यातून वर येत होती, सकाळी होती त्यापेक्षा उंच, त्यापेक्षा धारदार. पाणी पिण्याआधी जो वेल चांगला होता तो आता जिवंत झाला होता. भाग्यलक्ष्मी गुडघ्यांवर बसून बघत होती. "अग्गबाई, वन्सं," एवढंच म्हणत होती, पुन्हा पुन्हा.

कुलदीपनं वाकून एका पानावर अंगठ्याचं नख दाबलं. जोर लावून. पान दबलं नाही. त्यानं दुसऱ्या पानावर दाबलं. मग तो सरळ झाला आणि स्वतःच्या खोगिराजवळ गेला. खांद्यावरचा टॉवेल काढून ते एकदा पुसलं. टॉवेल पिवळा झाला. खोगिरावर हळदीचा कण उरला नाही.

"आबा," तो म्हणाला, "माझं टिकलं. पण त्याला हळद लागलीच नाही. कोरडंच राहिलं ते. देवाला ताईचं जाईल."

सकाळपासून नामदेवरावांना ज्या निवाड्याची धास्ती होती तो मुलानं देऊन टाकला होता. त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. या घरात ते सहसा घडत नसे.

"आन् तुझं?" चतुराबाईंनी विचारलं.

"लग्नाच्या घोड्यावर जाईल. नवरदेवाला हळद लागलेलीच असती, खोगिराला कशाला?" तो हसला. पूर्ण नाही, पण हसला. "माळा उद्या रिकामा करतो, ताई. खोके तेवढे कोपऱ्यात राहू दे."

"राहू दे की. दप्तरांवर बी वेल काढू."

"दप्तरावर नक्को. बेल्टवर काढ. बेल्ट विकतो मी."

उस्ताद अजून त्रिवेणीच्या खोगिराला शिवले नव्हते. आता त्यांनी काठी भिंतीला टेकवली, दोन्ही हातांनी डावा पल्ला उचलला, उन्हाकडे तिरका धरला. वेल रिकिबीपासून वर चढत होता आणि मधेच, कारण नसताना, एका मोठ्या डाळिंबाभोवती वळसा घालून गेला होता. उस्तादांच्या वेलात असा वळसा कुठे नव्हता. त्यांनी पल्ल्याखाली हात घालून त्या डाळिंबाच्या बरोबर मागे बोट दाबलं.

"दाग़?"

"हौ, उस्ताद. बैल डागलेला होता. गोल."

"अनार में छुपा दी."

"लपवलं नाही. तिथं तो होताच. मी फक्त डाळिंब म्हटलं."

म्हाताऱ्यानं पल्ला खाली ठेवला. "मेरे जैसा नहीं है," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मेरे से अच्छा तो बिल्कुल नहीं है. मगर मेरी नक़ल होती ना, तो मैं बैंगन खा के चला जाता." मग जरा थांबून, तिच्याकडे न बघता: "जुमेरात को, गुरुवारी, माळे पे आऊँगा. चाय पिलाना. ये किनारे का काम कच्चा है तुमारा."

"फिर से?" त्रिवेणीनं विचारलं.

"फिर से नहीं. आगे से."

खाली गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. नामदेवरावांनी मोहोर काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि लाकडी मोगरी उचलली. उजव्या पल्ल्याच्या कोपऱ्यात त्रिवेणीनं वेलाला थांबवून मोहोरेएवढी जागा मोकळी सोडली होती. त्यांनी मोहोर तिथं टेकवली. कुलदीपनं पल्ल्याखाली दगडी पाटा सरकवला आणि दोन्ही हातांनी धरला. मोगरी वर गेली आणि वरच थांबली.

नामदेवरावांनी मुलीकडे पाहिलं. "आता?"

त्रिवेणी वाकली. तिनं चामड्याला गाल लावला. वरून रंग परत आला होता, पण आत अजून ओल होती. गालाला गार लागत होतं.

"जरासं थांबा."

नामदेवराव थांबले. मोगरी धरलेला हात त्यांनी खाली घेतला नाही. कुलदीप पाटा धरून थांबला. चतुराबाई, भाग्यलक्ष्मी, कधी नव्हे ते गप्प बसलेले उस्ताद, सगळे थांबले. खाली हॉर्न वाजत राहिला.

त्रिवेणीनं पुन्हा गाल लावला.

"आता मारा, आबा."